दिवेलागणीनंतरचं विज्ञान

संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमाराला खटाव तालुक्यातल्या कुठल्याही गावात पाहा. धारा काढून झालेल्या असतात, डेअरीत दूध घालून माणसं परतलेली असतात आणि जेवायला अजून अवकाश असतो. कुणी देवळाच्या पायरीवर, कुणी पारावर, कुणी चहाच्या टपरीसमोरच्या बाकड्यावर टेकलेलं असतं. मोठ्या माणसाच्या दिवसातला हाच काय तो मोकळा वेळ. शाळेतल्या मुलांसाठी विज्ञान प्रदर्शन असतं, प्रयोगशाळा असते, २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन असतो. शाळा सोडून तीस वर्षं झालेल्या शेतकऱ्याला किंवा अंगणवाडीच्या मदतनीस बाईला विज्ञान भेटणार कुठं?

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात हा प्रश्न ज्या संस्थेनं मनावर घेतला ती महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती, सगळ्यांच्या तोंडी असलेली अंनिस. स्थापना १९८९ ची. तिचं नाव काढलं की आठवतात आंदोलनं, जादूटोणाविरोधी कायदा आणि तिचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून. ते सगळं महत्त्वाचं आहेच. पण बुवांचे चमत्कार करून दाखवत त्यांमागचं विज्ञान लोकांपुढं मांडण्याची तिची आणखी एक वाटचाल आहे. ती रात्री आठ ते दहा या वेळात, गावच्या चौकात, मंडळाच्या मांडवात झाली, आणि तिच्याबद्दल फारसं लिहिलं जात नाही.

जगात अशा संध्याकाळच्या बैठकांना अलीकडं चांगले दिवस आले आहेत. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात १९९८ मध्ये डंकन डॅलस या दूरचित्रवाणी निर्मात्यानं ‘कॅफे सायंटिफिक’ सुरू केलं. पॅरिसच्या कॅफेत तत्त्वज्ञानावर गप्पा मारायला लोक जमतात, मग विज्ञानावर का नाही, एवढाच त्याचा विचार. बॉस्टनच्या एका बारमध्ये २००३ साली ‘नर्ड नाइट’ सुरू झाली. २००९ पासून मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ जुहूच्या पृथ्वी थिएटरात ‘चाय अँड व्हाय?’ या नावानं लोकांना भेटू लागले. या सगळ्या ठिकाणी येणारा माणूस मुळातच विज्ञानाच्या ओढीनं येतो. गावच्या चौकात तसं नसतं. तिथं विज्ञानासाठी म्हणून कुणीच आलेलं नसतं. कुणी नारळ पेटताना पाहायला आलेलं असतं, कुणी शेजारी निघाला म्हणून, कुणी अंनिसवाल्यांना चार शब्द सुनवायला. अशा माणसांपुढं उभं राहून दोन तास त्यांना धरून ठेवणं हे लीड्सपेक्षा कितीतरी अवघड काम आहे, असं माझं मत आहे.

हे काम या मातीत रुजलं त्यालाही कारण आहे. जुनं औंध संस्थान म्हणजे आजच्या सातारा, सांगली आणि विजापूर जिल्ह्यांत विखुरलेली ७२ गावं: औंध, आटपाडी, कुंडल, गुणदाळ आणि त्यांच्या भोवतीचा मुलूख. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा माळ दिला आणि तिथं नांगराचा कारखाना आला. कऱ्हाडजवळ ओगल्यांनी काचकारखाना काढला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर पोचला. १९२० मध्ये कारखान्याभोवती वसलेल्या किर्लोस्करवाडीतूनच शंकरराव किर्लोस्करांनी मासिक काढलं. पुढच्या दशकात सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे लेख याच ‘किर्लोस्कर’मध्ये येत होते, म्हणजे ग्रहण, गाय आणि पोथी यांच्यावरचा कडाक्याचा वाद एका संस्थानी खेड्यातून छापून निघत होता. १९३९ मध्ये तर राजानं राज्यकारभारच गावपंचायतींच्या हाती दिला आणि मतदाराला लिहिता-वाचता यावं अशी अट घातली. प्रौढ माणूस शिकू शकतो यावर विश्वास ठेवल्याशिवाय कुणी अशी अट घालत नाही.

छापील मासिक वाचणारे थोडे. बाकीच्यांसाठी सत्यशोधक जलसे होते. सातारा जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत या जलशांनी गावंच्या गावं जागवली. तमाशाचाच बाज, ढोलकी तीच, पण वगात भोळ्या कुणब्याला लुबाडणाऱ्यांची उलटतपासणी. याच सत्यशोधकी वातावरणात १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. आणि गाडगेबाबा तर या भागात कीर्तनाला येतच. त्यांच्या कीर्तनाची रीत लक्षात घेण्यासारखी आहे. ते सांगत कमी आणि विचारत जास्त. उत्तर समोरच्या गर्दीतून यायचं, आणि एकदा ते आपल्याच तोंडून बाहेर पडलं की माणसाला ते नाकारता येत नसे. अंनिसच्या चौकातल्या कार्यक्रमाला जलशाचं अंग आणि कीर्तनाचं मन मिळालं आहे, असं मला वाटतं.

नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. जन्म १ नोव्हेंबर १९४५ चा, दहा भावंडांत सगळ्यांत धाकटे. मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले. कबड्डीत शिवाजी विद्यापीठाचे कर्णधार, भारताकडून बांगलादेशाविरुद्ध खेळलेले. साताऱ्यात काही वर्षं दवाखाना चालवून मग पूर्णवेळ या कामात उतरले. श्रीलंकेचे अब्राहम कोवूर आणि दक्षिणेतले बी. प्रेमानंद यांनी बुवांचे चमत्कार जाहीर सभेत करून दाखवण्याचा मार्ग आधीच घालून दिला होता. महाराष्ट्रातही श्याम मानव यांच्याबरोबर हे काम सुरू झालं होतं. १९८९ मध्ये वेगळी संघटना उभी राहिली तेव्हा चमत्काराच्या प्रयोगांची पिशवी तिला वारशानंच मिळाली होती. त्या पिशवीचं पुढं काय करायचं, हे तिनं स्वतः ठरवलं.

ती पिशवी जवळून पाहण्यासारखी असते. सोललेले चार-दोन नारळ, लिंबं, हळद, चुन्याची डबी, कापराच्या वड्या, तांब्या, तांदूळ, एक बोथट सुरी, रॉकेलच्या बाटलीत बुडवून ठेवलेला एका धातूचा तुकडा, विहिरीत औषध म्हणून टाकतात ते जांभळे खडे, आणि ‘तूप’ असं सांगून दाखवायची ग्लिसरीनची बाटली. मांडव गणेश मंडळाचा किंवा नवरात्राचा, ध्वनिक्षेपकही त्यांचाच. टेबल शाळेचं.

बऱ्याच वेळा एखादा कार्यकर्ता बुवाच्या वेशातच येतो. भगवी कफनी, गळ्यात माळा. तो यज्ञकुंडात ‘तूप’ सोडतो आणि काडी न लावता ज्वाळा उठते. नारळावर पाणी शिंपडतो, शेंडी पेट घेते. कुणाच्या तरी नावानं लिंबू कापतो आणि त्यातून रक्तासारखा लाल रस गळतो. समोर बसलेल्यांपैकी काहींचे हात नकळत जुळतात. मग तो कफनी उतरवतो, खालचा शर्ट-पँट दिसतो, आणि स्वतःचं खरं नाव सांगतो. इथून पुढं कार्यक्रम खरा सुरू होतो.

कारण आता तो उत्तर सांगत नाही. तो विचारतो: नारळ का पेटला असेल? कुणी म्हणतं आत रॉकेल असेल. मग पाणी टाकल्यावर रॉकेल पेटतं का? नाही. मग पाण्यानं पेटणारं काही असतं का? इथं गर्दी अडते, आणि कॉलेजात शिकणारी एखादी पोर मागून म्हणते, सोडियम. तिला पुढं बोलावून तिच्याच हातानं तो तुकडा पाण्यात टाकायला लावतात. अगदी बारीक तुकडा, लांबून, बाकीच्यांना मागं सरकवून. सोडियम पाण्याशी भिडला की हायड्रोजन वायू आणि उष्णता एकदमच बाहेर पडते आणि वायू पेट घेतो. शेंडीत असा तुकडा खोचून ठेवला की झाली करणी. यज्ञातली आग जांभळ्या पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन पडल्यानं लागते. लिंबाचं गुपित त्याहून साधं असतं. सुरीला जास्वंदीच्या फुलाचा रस चोळून वाळवलेला असतो आणि लिंबातल्या आम्लानं तो लाल होतो. हळदीत चुना कालवला की लाल रंग येतो, हे तर प्रत्येक बाईला माहीत असतं. फक्त तेच ‘बाहेरच्या बाधे’च्या परीक्षेत वापरलं जातं हे माहीत नसतं.

तांदळाचा तांब्या मला या सगळ्यांत आवडतो, कारण त्यात रसायनच नाही. अरुंद गळ्याचा तांब्या तांदळानं गच्च भरायचा, सुरी काही वेळा खुपसायची, काढायची, पुन्हा खुपसायची. तांदूळ दाबत दाबत घट्ट बसतात आणि सुरीला इतके धरतात की सुरीबरोबर भरलेला तांब्या वर उचलला जातो. हे करायला कुणालाही बोलावता येतं. पोत्यात धान्य भरताना ते कसं आवळून बसतं हे ज्या हातांनी रोज पाहिलंय, त्याच हातांनी ‘दैवी शक्ती’ उचलून दाखवता येते.

जळता कापूर जिभेवर ठेवण्याचा प्रयोग त्यामानानं जपून करावा लागतो. कापराची वाफ वर जळते, जीभ लाळेनं ओली असते, वडी जिभेवर फिरवत राहायची आणि चटका जाणवायच्या आत तोंड मिटायचं, म्हणजे हवा तुटून ज्योत विझते. निखाऱ्यांवरून चालण्याचंही असंच. लाकडी कोळसा उष्णतेचा वाईट वाहक, त्यावर राखेचा थर आणि पावलाचा स्पर्श क्षणभराचा. थांबला तो भाजला. लहान मुलांना हे घरी करू नका असं बजावून सांगितलं जातं, आणि ते बजावणं हाही विज्ञानाचाच भाग आहे.

पण केवळ चमत्काराच्या प्रयोगांवर भागत नाही, हे कार्यकर्त्यांना पहिल्या काही वर्षांतच कळलं असणार. प्रयोग संपला की टाळ्या पडतात आणि माणसं उठायला लागतात. जादूचा खेळ पाहिल्यासारखी. संघटनेची परीक्षा त्यानंतरच्या तासात असते, प्रश्नोत्तरांच्या. तिथं नारळाचं कुणी विचारत नाही. विचारलं जातं ते घरातलं. सुनेला तीन मुलीच झाल्या, दोष कुणाचा? मग कार्यकर्ता खडूनं फळ्यावर क्ष आणि य ही गुणसूत्रं काढतो आणि मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं हे दाखवतो. मांडवाच्या एका बाजूला बसलेल्या बायका त्या वेळी एकमेकींकडं पाहतात. म्हशीचं दूध अचानक आटलं, कुणी केलं असेल? कासदाह, गोचीड, खुराकातला बदल, असं एक एक काढत जावं लागतं. बायकोच्या अंगात येतं. इथं मात्र फळा पुसून खाली बसावं लागतं.

अंगात येण्याच्या प्रश्नानं अंनिसची वाट रसायनाकडून मनाकडं वळवली. स्थापनेपासून मनाचे आजार हा विषय होताच, पण साताऱ्यातल्या ‘परिवर्तन’ या व्यसनमुक्ती आणि मनोविकार केंद्राच्या सोबतीनं तो पक्का झाला. घरात कोंडलेली बाई, सततचा मार, दारू, मूल नसल्याचं बोलणं. आणि दर अमावास्येला देवी अंगात आली की तेवढा वेळ तरी सगळं घर तिच्या पाया पडतं. ‘हे सगळं ढोंग आहे’ असं चौकात ओरडून सांगणं फार सोपं आहे आणि फार क्रूरही. शिकलेले कार्यकर्ते असं बोलत नाहीत. ते सांगतात की तिला त्रास खरा आहे, फक्त तो भुताचा नाही, आणि त्यावर डॉक्टर आहे, औषध आहे, बोलायला माणूस आहे. पुढं ‘मानसमित्र’ नावानं अशी माणसं तयार केली गेली. मला विचाराल तर एका संध्याकाळचं खरं फळ हे, की दुसऱ्या दिवशी कुणीतरी एकटंच येऊन दवाखान्याचा पत्ता विचारतं.

जटेचं कामही असंच पारावरून घराघरात गेलं. केस विंचरणं राहिलं, त्यात तेल, घाम, धूळ बसली की गुंता होतो, गुंत्याची जट होते, आणि जट आली म्हणजे देवीचं बोलावणं आलं अशी समजूत. त्या ओझ्यानं मान दुखते, केसांत उवा आणि जखमा होतात. अंनिसच्या कार्यकर्त्यांनी शेकडो बायकांच्या जटा त्यांच्या आणि घरच्यांच्या संमतीनं सोडवल्या आहेत. संमतीला महिने लागतात. कात्रीला काही मिनिटं.

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. देशभर गणपती दूध पिऊ लागले. देवळांसमोर रांगा लागल्या. त्या दिवशी सगळ्या विज्ञान चळवळींना रस्त्यावर यावं लागलं. चमचा मूर्तीच्या सोंडेला टेकवला की पृष्ठताणामुळं दूध कडेवरून ओढलं जातं आणि पातळ ओघळ होऊन दगडावरून खाली उतरतं. मूर्ती आधीच ओली, दूध पांढरं, ओघळ दिसत नाही. मूर्तीच्या जागी घरचा वरवंटा धरला तरी तोही दूध पितो. हे सांगून पटत नाही. चमचा ज्याच्या त्याच्या हातात द्यावा लागतो. महिन्याभरानं, २४ ऑक्टोबरला, सूर्यग्रहण आलं आणि ज्या लोकांनी दूध पाजलं होतं त्यातलेच कितीतरी ग्रहणाचा चष्मा लावून आकाशाकडं पाहत उभे होते. माणसं बंद मनाची असतात हा समज मला म्हणूनच पटत नाही. २०२० च्या २१ जूनच्या ग्रहणात इस्लामपुरातल्या एका गरोदर बाईनं गरोदर बाईनं काही चिरू नये यासारखी ग्रहणाची सगळी बंधनं बाजूला ठेवली, कार्यकर्ते सोबत होते. भाजी चिरण्यात केवढं धैर्य लागतं हे त्या वेळी वर्तमानपत्रांतून दिसलं.

रात्री बोललेलं सकाळी विसरू नये म्हणून छापील कागद हवा. ‘अंधश्रद्धा निर्मूलन वार्तापत्र’ हे मासिक अनेक वर्षं सांगलीहून निघालं. प. रा. आर्डे यांच्यासारख्या प्राध्यापकांनी त्यासाठी झिजून काम केलं. शास्त्राचा बुरखा घेतलेल्या थापांवर त्यांनी ‘फसवे विज्ञान’ हे पुस्तकच लिहिलं. संघटनेनं आकडेवारीनं पडताळणी करण्याची एक चांगली संधीही घेतली. २००८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या पुढाकारानं फलज्योतिषाची चाचणी झाली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या, आणि प्रत्येक ज्योतिषाला चाळीस कुंडल्या देऊन कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सगळ्यांत चांगला निकाल चाळीसपैकी चोवीस, सरासरी सतराच्या आसपास. नाणं उडवूनही वीस आले असते. चौकातल्या कार्यक्रमात हा आकडा सांगितला की समोरचा शेतकरी लगेच हिशेब करतो, कारण बियाण्याची उगवण शेकडा किती हे तो रोजच मोजत असतो.

इथं नरेंद्र दाभोलकरांच्या एका थोरल्या भावाबद्दल बोललं पाहिजे. श्रीपाद अच्युत दाभोलकर. मूळ गणिताचे प्राध्यापक, कोल्हापूरच्या बाजूला शिकवणारे. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. त्यांचं म्हणणं असं, की शेतकऱ्याला कुणी तज्ज्ञानं येऊन विज्ञान सांगू नये, त्यानं स्वतःच्या रानात प्रयोग करावा, नोंद ठेवावी आणि ती दुसऱ्या शेतकऱ्याला सांगावी. तासगावचे द्राक्षवाले त्यांच्यापाशी जमले. वेलीच्या पानाला किती ऊन मिळतं, किती पानं एक घड पोसतात, छाटणी कधी घ्यायची, यावर बागेतच बैठका होत. दुष्काळी माळावर द्राक्षाची जी शेती उभी राहिली तिच्यामागं पाणी, भांडवल, कष्ट हे सगळं आहे, आणि या बैठकाही आहेत. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचं पुस्तक अजून वाचलं जातं.

दोघा भावांच्या कामांकडं एकत्र पाहिलं पाहिजे, असं मला फार वाटतं. थोरल्यानं माणसाला प्रयोग करायला शिकवलं, धाकट्यानं दावा तपासायला. पहिल्याच्या बैठकीतून उठलेला माणूस घरी जाऊन काहीतरी करतो. दुसऱ्याच्या कार्यक्रमातून उठलेला माणूस काहीतरी करायचं थांबवतो. अंनिसच्या संध्याकाळींना जिथं जिथं बळ आलं तिथं तिथं या दोन्ही गोष्टी घडलेल्या दिसतात. नदीत विसर्जन नको म्हणण्यापेक्षा मूर्ती दान घ्यायला काठावर उभं राहणं, होळीत टाकायच्या पोळ्या गोळा करून भुकेल्यांना देणं, अशा उपक्रमांना लोकांनी साथ दिली. जिथं केवळ ‘नको’ होतं तिथं लोकांनी हात आखडला.

संघटनेनं देव आणि धर्म यांबाबत एक भूमिका पहिल्यापासून घेतली: शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला विरोध, वैज्ञानिक दृष्टिकोनाचा प्रसार, धर्माची विधायक चिकित्सा, आणि व्यापक समाजपरिवर्तनाच्या चळवळींशी नातं. देव माना किंवा मानू नका, हा ज्याचा त्याचा प्रश्न. साताऱ्यातच जन्मलेले डॉ. श्रीराम लागू मात्र देवालाच निवृत्त करा म्हणत. मग दाभोलकर आणि लागू एकाच व्यासपीठावर ‘वाद-संवाद’ करत, गावोगावी, खचाखच भरलेल्या सभांपुढं. आपल्याच व्यासपीठावर आपल्यापेक्षा वेगळं मत मांडू देणारी संघटना लोकांनी पाहिली. रात्रीच्या कार्यक्रमाचा सूर त्यामुळं घडला. भांडायला आलेल्या माणसालाही ध्वनिक्षेपक द्यायचा.

२० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर दाभोलकरांना गोळ्या घालण्यात आल्या. जो कायदा व्हावा म्हणून त्यांनी कितीतरी वर्षं घालवली होती, त्याचा वटहुकूम त्यानंतर चार दिवसांत निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. खटल्याचा निकाल १० मे २०२४ ला लागला. दोघांना जन्मठेप, तिघांची निर्दोष सुटका.

खुनानंतर संध्याकाळचे कार्यक्रम थांबतील असं अनेकांना वाटलं असेल. थांबले नाहीत. नाट्यकर्मी अतुल पेठे यांनी कार्यकर्त्यांना घेऊन ‘रिंगण नाट्य’ बसवलं. रंगमंच नाही, पडदा नाही, लोक गोल करून उभे राहतील त्या जागेत नाटक. दर महिन्याच्या २० तारखेला त्या पुलावर माणसं जमत, गाणी म्हणत. पूल, पार, बस स्टँड, जिथं माणसं आधीपासून असतात तिथं आपण जायचं, ही या संघटनेची जुनी सवय. ती तिला या दुःखातही उपयोगी पडली.

कायदा आल्यानं चौकातला कार्यक्रमही बदलला. आता पिशवीतल्या नारळाबरोबर कायद्याची अनुसूची असते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडं जाण्यापासून अडवून मंत्र घालणं, बोटानं शस्त्रक्रिया केल्याचा आणि गर्भातल्या बाळाचं लिंग बदलल्याचा दावा, हे सगळं गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. लोकांना याची माहिती नसते, आणि ती समजली की सभेत एक वेगळीच हालचाल होते, कारण बहुतेकांना असा एखादा माणूस नावानिशी ठाऊक असतो.

अडचणी आहेत, आणि त्या झाकून उपयोग नाही. रात्री आठची वेळ पुरुषांची मोकळी वेळ आहे, बायकांची नाही. त्या वेळी भाकरी थापायच्या असतात. म्हणून बायकांसाठी बचत गटाच्या दुपारच्या बैठका गाठाव्या लागतात, आणि तिथं प्रश्न जास्त मोकळे येतात. दुसरं म्हणजे मोबाइल. चौकातल्या नारळापेक्षा मोठे चमत्कार प्रत्येकाच्या खिशात दिवसभर चालू असतात, आणि त्यांची भाषा आता विज्ञानाचीच आहे. चुंबकाची गादी, ऊर्जेची माळ, कॅन्सर बरा करणारा काढा, सगळ्यावर कुठल्यातरी परदेशी संशोधनाचा शिक्का. इथं कफनी उतरवून दाखवण्यासारखं काही नसतं. औषधाचा हा दावा किती रोग्यांवर तपासला, औषध न घेतलेले किती होते, मोजलं कुणी, हे तीन प्रश्न लोकांच्या अंगवळणी पडायला हवेत. ते एका रात्रीत होत नाही.

म्हणूनच मला वाटतं, जत्रेला किंवा गणपतीत वर्षातून एकदा मोठा कार्यक्रम करण्यापेक्षा महिन्यातला एक ठरलेला वार धरावा. लीड्सच्या कॅफेचं हेच एक घेण्यासारखं आहे. तारीख चुकत नाही. औंधला हे नक्की जमेल. इथल्या संगीत महोत्सवात १९४० पासून लोक रात्र रात्र मांडी घालून बसत आले आहेत, ऐकण्याची सवय गावाच्या हाडात आहे. यमाईच्या डोंगराखाली बसायला जागेची कमी नाही, भवानी संग्रहालयासारखी वास्तू आहे, आसपास कॉलेजं आहेत, पशुवैद्य आहेत, ग्रामीण रुग्णालयाचे डॉक्टर आहेत. वक्ता मुंबईहून आणायची गरज नाही.

पहिला विषय साप ठेवावा, आणि तो पावसाळ्याच्या तोंडाला. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, हे चार साप डब्यात नको, चित्रात दाखवावेत. मण्यार रात्री अंथरुणात येतो, चावल्याचं दुखतही नाही, पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, आणि तोवर घरचे पोटदुखीचं औषध देत बसलेले असतात. आपल्याकडं मिळणारी प्रतिसर्पविष लस या चारही सापांवर चालते, पण ती वेळेत शिरेत गेली तरच. चावलेल्या जागी चिरू नये, आवळून बांधू नये, पाय हलवू नये, थेट दवाखाना गाठावा. जवळच्या दवाखान्यात लस आहे का, हे त्याच बैठकीत डॉक्टरला विचारून घ्यावं.

आणि त्या बैठकीला गावच्या देवऋषीलाही आवर्जून बोलवावं, पुढच्या रांगेत बसवावं. रात्री दोन वाजता साप चावलेला माणूस अजूनही कितीतरी ठिकाणी आधी त्याच्याच दारात जातो. त्यानं अंगारा न लावता ‘गाडी काढा’ म्हटलं तर अर्धं काम झालं, आणि हे त्याला पटवून देता येईल असा माणूस प्रत्येक शाखेनं आधी शोधून ठेवावा.